गावची आरोग्यसेविका : जामखेड ते आशा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी परिसरात दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. हगवण, धनुर्वात, कुपोषण या कारणांवर स्वस्त उपाय होते, पण ते गावात देणारे कुणी नव्हते. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला राजी होत नसत. तेव्हा गावांनी आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. यातल्या कित्येकजणी निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. जामखेडला दर आठवड्याला शिकून त्या गावात साखर-मिठाचे पाणी पाजणे, गरोदर बायकांची तपासणी आणि स्वच्छ बाळंतपण करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना आणली होती. पण त्यात बहुतांश नेमणुका पुरुषांच्या झाल्या आणि बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता.

पुढचा टप्पा गडचिरोलीत गाठला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात तेथे ‘सर्च’ संस्था उभारली. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. मोठे आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी संस्थेने मण्यांचे साधन केले. मिनिटाच्या वाळूच्या घड्याळासोबत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लाल मण्यापर्यंत पोहोचल्यास औषध सुरू करायचे. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बायका घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ मध्ये साधारण हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, नेमण्याचे धोरण स्वीकारले. २०११ पासून बाळ घरी जन्मले तर पहिल्या ४२ दिवसांत सात आणि रुग्णालयात जन्मले तर सहा गृहभेटी आशाताईंकडे आल्या. मात्र त्यांना सरकारी नोकरी मिळाली नाही. स्वयंसेविका म्हणून सुरुवातीला कामागणिक मोबदला, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. त्यामुळे मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांना वारंवार संप करावे लागले आहेत.