फाळक्यांचा वाटाणा आणि आपला मोबाईल

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "पहिली शॉर्ट फिल्म करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ?" उत्तर 1912 सालातून देतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला गेले, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघितलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोनेक महिन्यांत परत. पण लगेच 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून एकेक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं. हीच 'अंकुराची वाढ'. ती बघून पैसे लावायला माणूस मिळाला, तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. आपण हे फार कौतुकाने सांगतो. मला मात्र ते वाचताना पोटात गोळा येतो. घरात लहान मुलं होती, सिनेमा पडला असता तर? म्हणून माझं स्पष्ट मत: कर्ज काढून कॅमेरा नको. आधी वाटाणा करा.

मी केला नव्हता. संगमेश्वरला, कसब्यात कर्णेश्वर मंदिराजवळ, ऐन जुलैत आम्ही चौघे थेट शूटिंगलाच उभे राहिलो. चार वाजताच अंधारून आलं. घरी येऊन ऐकतो तर डायलॉग गायब, नुसता पाऊस! आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाच मिनिटं रेकॉर्ड केलं असतं तर अख्खा दिवस वाचला असता.

फाळक्यांकडे तरी कुठे लाईट्स होते? दादरला सगळं काम उन्हावर. ऊन चेहऱ्यावर वळवायला सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायच्या, वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. (आज एवढ्या कामाला चार नावं लागतील क्रेडिट्समध्ये.) तेव्हा घरातली चादर काढा, थर्माकोलही चालेल.

आणि कलाकार? बायका मिळेनात, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले! तुमच्या वाडीतही असा कोणीतरी असेलच, विचारून तर बघा.

3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि चालला. आम्ही या शनिवारी शास्त्री-सोनवीच्या संगमावर जातोय, फक्त तीस सेकंदांची टेस्ट घ्यायला. छत्री घेऊन.