कौल कुणाला? जुना डब्बा की नवा

गेल्या शनिवारी केळशीला गेलो होतो. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड करत घरी पोचेपर्यंत दुपार झाली. पाय धुवून पडवीत टेकतोय तोच पुतण्याने विषय काढला.

"काका, डब्याचं काय ठरवलंस?"

डब्बा म्हणजे माझा जुना गेमिंग संगणक. जानेवारी २०१३ मध्ये लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव पाटीवरच) दिवसभर तंगडतोड करून एकेक भाग घेतला होता. इंटेलचा आय५-३४७०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. २०१४ च्या दिवाळीत त्यात जीटीएक्स ७५० टीआय बसवलं, २०१७ मध्ये एसएसडी. २०२१ मध्ये पुतण्याची शाळा ऑनलाइन झाली म्हणून डब्बा केळशीला गेला आणि तिथलाच झाला. आता खाऱ्या हवेने कॅबिनेटचे स्क्रू गंजलेत आणि पंखा असा घरघरतो की आईला आधी वाटलं बाहेर रिक्षा उभी आहे.

पुतण्या जूनमध्ये डिप्लोमाला रत्नागिरीला जाणार. त्याची मागणी एकच, नवं तगडं ग्राफिक्स कार्ड. दादाचं म्हणणं, "चालतंय ना? मग मोडीत कशाला काढायचं?" आईचं म्हणणं, "तुमची तोंडं दिसली की झालं." एकूण पैसे साठ हजार. त्यातले चाळीस माझे आणि वीस दादाने सुपारीच्या पैशातून बाजूला ठेवलेले. माझे चुकले तर मी दोन महिने हळहळेन. दादाचे वीस वाया गेले तर मला पुढच्या खेपेला त्या पडवीत बसवणार नाही. म्हणून म्हटलं, जरा इतिहास तपासून मगच बोलावं.

तर मंडळी, 'नवा भाग घालू की नवं यंत्र घेऊ' हा प्रश्न पीसीच्या जन्मापासूनचा आहे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पहिला पीसी जाहीर केला. त्याच्या बोर्डवर वाढीव कार्डांसाठी पाच खाचा होत्या आणि प्रोसेसरच्या शेजारी एक सॉकेट चक्क रिकामं. ते होतं ८०८७ या गणिती चिपसाठी. ज्याला जड आकडेमोड करायची आहे त्याने नंतर चिप आणून बसवावी. म्हणजे यंत्र विकतानाच 'पुढे इथे काहीतरी येईल' अशी जागा ठेवली होती.

पण ती जागा कायमची नसते. १९९२ मध्ये इंटेलने ४८६ वाल्यांसाठी ओव्हरड्राइव्ह प्रोसेसर काढले: जुनी चिप काढा, नवी बसवा, बोर्ड तोच. नंतर सॉकेट ७ आलं, त्यात इंटेलचा पेंटियम बसायचा आणि एएमडीचा के६ सुद्धा. मग १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू साठी स्लॉट १ नावाची वेगळीच खाच आणली आणि एएमडीला ती वापरता येईना. एएमडीने सॉकेट ७ आणखी थोडं ताणलं, पण ज्यांना पेंटियम टू हवा होता त्यांना बोर्डच बदलावा लागला. त्यांचा जुना बोर्ड बिघडला नव्हता, फक्त पुढे जाणारा सांधा दुसऱ्याच कुणीतरी बंद केला होता.

गेमवाल्यांची गोष्ट यापेक्षा मजेशीर. १९९६ मध्ये क्वेक आला आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड. हे कार्ड फक्त थ्रीडी चित्रं काढायचं. त्यामुळे जुनं डिस्प्ले कार्ड तसंच ठेवून ते शेजारच्या पीसीआय खाचेत लावायचं आणि दोघांमध्ये एक केबल जोडायची. काही फेकायचं नाही, वर भर घालायची. पण २००० च्या डिसेंबरमध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि व्हूडूचं राज्य संपलं.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्याकडे कुणी या पेचात पडलं होतं का? पडलं होतं, आणि तेही पुण्यात, गणेशखिंडीत!

अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, त्यातून १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचा मेंदू म्हणजे ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे, त्यांनी तो शेजाऱ्यांशी बोलायचा. असे अनेक एकत्र गुंफले की महासंगणक.

पण ट्रान्सप्युटरची गणिती ताकद लवकरच कमी पडायला लागली. इनमॉसचा पुढचा टी९००० लांबत लांबत गेला आणि शेवटी ठरलेल्या ताकदीचा कधी झालाच नाही. मग सी-डॅकने काय केलं? आपण करतो तेच, अपग्रेड! इंटेलचा आय८६० हा आकडेमोडीत दांडगा प्रोसेसर घेतला आणि एका आय८६० च्या जोडीला चार ट्रान्सप्युटर ठेवले. हा परम ८६००. हिशेब नव्याने करायचा, निरोप पोचवायचं काम जुन्यांनी करायचं. यात मेख अशी की हिशेब कितीतरी पट वेगात, पण निरोप जाणार त्याच जुन्या, सेकंदाला २० मेगाबिटच्या वाटांनी. घोडा नवा, पायवाट तीच.

आणि म्हणूनच मला त्यापुढचं पाऊल फार आवडतं. १९९४ च्या परम ९००० मध्ये सी-डॅकने रचनाच सुटी केली. सांगाडा असा की नवीन प्रोसेसर आला तर त्यात सामावून घेता यावा. आधी सुपरस्पार्क, मग अल्ट्रास्पार्क, शिवाय अल्फाचीही आवृत्ती. म्हणजे अपग्रेडने हात पोळल्यावर त्यांनी नुसतं नवं यंत्र घेतलं नाही, तर पुढच्या अपग्रेडला जागा असलेलं यंत्र बांधलं. तीच वाट पुढे १९९८ च्या परम १०००० आणि मग परम पद्मपर्यंत गेली. पद्म जून २००३ च्या टॉप५०० यादीत १७१ व्या क्रमांकावर होता.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं, मग कार्डाचं काय?" आजकालची पोरं!

मी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि छप्पर दाखवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात किती घरांची कौलं उडाली, ते त्याने स्वतः पाहिलंय. आमचं पश्चिमेचं पाखं उघडं पडलं होतं. वासे शाबूत, रीपाही बऱ्यापैकी. दादाने कौलं शोधली. पण मंगलोरी कौल एकमेकांच्या खाचेत अडकतं आणि रीपांमधलं अंतर त्या कौलाच्या मापाने ठोकलेलं असतं. दुसऱ्या कारखान्याचं कौल अर्धा बोट इकडेतिकडे असलं की बसत नाही. शेवटी त्या बाजूला पत्रा आला. पूर्वेला मात्र एखादं कौल फुटलं तर आम्ही अजून माळ्यावरच्या जुन्यातलं काढून बसवतो.

"रीप म्हणजे तुझा मदरबोर्ड," मी म्हटलं. "कौल चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी ते रीपेवर बसतं का ते बघ."

मग डब्याकडे वळलो. त्याचं सॉकेट एलजीए ११५५, आयुष्य २०११ ते २०१३. त्यात फार तर जुना आय७ बसेल, तोही सेकंडहँड. रॅम डीडीआर३, ती नव्या बोर्डवर चालणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. आपली तिसरी. नवं कार्ड बसेल का? बसेल, पीसीआय एक्स्प्रेसची खाच अजून तीच आहे. पण मागचा प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही. घरातल्या घरात परम ८६०० झाला असता!

शेवटी ठरलं ते असं. साठ हजारात सगळं नवं येत नाही, त्यातून २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव आभाळाला भिडलेत. म्हणून पैसे सांध्यात घालायचे. एएम५ सॉकेटचा बरा बोर्ड, मधला प्रोसेसर, नवा एसएमपीएस आणि रॅमची एकच पट्टी. दुसरी खाच रिकामी, आयबीएमच्या त्या ८०८७ च्या सॉकेटसारखी. माझं १२ वर्षांचं ७५० टीआय तूर्तास तिकडे जाईल, कारण त्याची खाच जुळते. तगडं कार्ड पुढच्या वर्षी, त्याच्या स्वतःच्या पैशाने. डब्बा मोडीत निघणार नाही. त्याच्या प्रोसेसरमध्येच साधं ग्राफिक्स आहे, त्यावर लिनक्स घालून दिलं. आईला आमची तोंडं दिसतात.

पुतण्या थोडा हिरमुसला. रात्री जेवताना काही बोलला नाही. मला वाटलं, घातला घोळ, इतिहास सांगून पोराचा विरस केला. पण सकाळी उठून बघतो तर गडी ओसरीवर डब्बा उघडून बसलेला, हातात ब्रश, शेजारी सगळे गंजके स्क्रू वाटीत काढलेले.

"काका, नवीन बोर्डला रॅमच्या चार खाचा असलेला घेऊ या का? दोनपेक्षा बऱ्या."

दादा चहा पीत होता. तो म्हणाला, "घ्या, माझे वीस त्यात धरा."

असो. परतताना मंडणगडपर्यंत मी स्वतःशीच हसत होतो. पुढच्या खेपेला पडवीत जागा पक्की.