दस्ताची खातरजमा: भीमथडी आणि इंदापूरची हकीकत

दस्त विश्वासार्ह ठरायला तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. तो कोणी करून दिला, नंतर त्यातला मजकूर बदलला की नाही, आणि निशाणी करणाऱ्याला मजकूर ठाऊक होता का. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची हमी आजची डिजिटल सही गणिताच्या बळावर देते. तिसरा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. या तिन्ही प्रश्नांचा इतिहास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील मुलखात, म्हणजे पूर्वीच्या भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांत, फार ठळकपणे घडला.

मराठा अमलात दस्तावर सही करण्यासाठी अक्षरओळख लागत नसे. बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात लिहिण्याचे काम कुलकर्ण्याचे आणि पाटलाची निशाणी नांगराची. शेट्याची निशाणी तागडी असे आणि बलुतेदारांच्या निशाण्याही बहुधा त्यांच्या हत्यारांच्याच असत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई आणि हजर असलेले सगळे त्यावर आपापली निशाणी करीत. नांगराचे चित्र कोणालाही काढता येण्याजोगे होते. महजराला खरे बळ होते ते भर सभेत, सर्वांसमक्ष निशाणी झाल्याचे.

सरकारी कागदाची व्यवस्था याहून काटेकोर होती. शिक्का कागदाच्या माथ्यावर उमटे आणि मोर्तब मजकूर संपतो तिथे, शेवटच्या शब्दालगत. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. लांब सनदेसाठी कागद एकाखाली एक चिकटवले जात आणि पाठीमागे सांध्यावर शिक्का मारला जाई. त्यामुळे मधला एखादा बंद काढून दुसरा घालता येत नसे. दप्तरात नोंद झाल्याचे ‘बार’सारखे शेरेही कागदावर पडत. मजकुराच्या अखंडतेची एवढी जाणीव त्या कारकुनांना होती, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

बारामतीचे जोशी-नाईक हे पेशवाईतले नामांकित सावकार घराणे. कवी मोरोपंत याच घराण्यातील बाबूराव नाइकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले. अशा पेढ्यांचा व्यवहार हुंडीवर चाले. हुंडीचा मजकूर ठरलेल्या साच्याचा असे आणि तिच्यात रक्कम एकदाच लिहून भागत नसे. आकडा, अक्षरी रक्कम, मग तिची निमे आणि त्या निमेची दुप्पट, असा तो क्रम. एका ठिकाणी खाडाखोड करून रक्कम वाढवली तर बाकीचे आकडे जुळेनासे होत. गुप्ततेसाठी वेगळ्या युक्त्या होत्या. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्यालाही सौदा कळत नसे.

इंग्रजी अमलात जमिनीच्या कागदाला साचा मिळाला तो इंदापुरात. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची पाहणी आणि तिच्यावर आधारलेला सारा फसला होता. रयत गावे सोडून जाऊ लागली होती. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी हाती घेतली. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीच्या खुणा, क्षेत्र, जमिनीची प्रत आणि ठराविक मुदतीसाठी बांधलेला आकार, ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. जमिनीचे वर्णन आता ठराविक रकान्यांत बसू लागले.

कर्जाच्या कागदाला मात्र असा कोणताच बंदोबस्त नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू कुळाच्या भल्याचा होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होऊ लागले आणि प्रत्येक खतावर कुळाची नवी निशाणी पडू लागली. खत लिहिणारा सावकाराचाच माणूस. कुणबी लेखणीला हात लावी, मग कारकून त्याच्या नावापुढे नांगर काढी. खताखालची निशाणी खरी असे. तिच्या वर काय लिहिले आहे हे तिच्या मालकाला कळत नसे. दिलेल्या पैशाची पावती मिळेलच असे नव्हते आणि फिटलेले खत परत हाती येईलच असेही नव्हते. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, पत आटली आणि जुन्या खतांवर हुकूमनामे निघू लागले.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. तिथून दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. जमावाचा मुख्य रोख खते, हुकूमनामे आणि वह्यांवर होता. बहुतेक ठिकाणी कागद हाती आले की ते जाळून वा फाडून लोक परतले, माणसांवर हात फारसा पडला नाही. या दंग्यांना केवळ दारिद्र्याचा उद्रेक म्हणणे अपुरे आहे. आपल्याच निशाणीवरचा विश्वास उडालेल्या माणसांनी तो कागद नाहीसा केला.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने ग्रामनिबंधक हा अधिकारी आणला. शेतकऱ्याचे खत त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावे आणि त्याच्या समक्ष पुरे व्हावे, असा नियम झाला. पावती, हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रश्नाला या मुलखात दिलेले हे सर्वांत थेट उत्तर होय.

१९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. गाव नमुना ७ मध्ये हक्क, १२ मध्ये पिके, ६ मध्ये फेरफार. त्यातून सातबारा हा शब्द रूढ झाला. शंभरेक वर्षे तो हाताने लिहिला गेला आणि तलाठ्याची सही व शिक्का हाच त्याचा पुरावा राहिला.

डिजिटल सहीमागच्या गणिताची वाट १९७६-७७ मध्ये मोकळी झाली. प्रथम डिफी व हेलमन यांनी जोडकिल्लीची कल्पना मांडली, मग रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला आरएसए हे रूप दिले. मजकुरातून हॅश नावाचा आखूड आकडा काढायचा आणि तो खासगी किल्लीने बांधून सही करायची. पडताळणी सार्वजनिक किल्लीने कोणालाही करता येते. एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो. ही सही मजकुरापासून सुटी काढून दुसऱ्या कागदाला लावता येत नाही, आणि नांगराच्या निशाणीपेक्षा ती वेगळी आहे ती इथेच. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. किल्ली कोणाची हे सांगणारी प्रमाणपत्रे परवानाधारक संस्था देतात.

रकान्यांच्या दस्तासाठी, म्हणजे एक्सएमएलसाठी, सहीचे आणि कूटबद्धतेचे मानक २००२ मध्ये आले. रकान्याच्या खुणेच्या (टॅगच्या) आतली मोकळी जागा किंवा गुणधर्मांचा क्रम बदलला तर अर्थ तोच राहतो, पण हॅश निराळा येतो. म्हणून दस्त आधी एका ठराविक प्रमाणरूपात आणावा लागतो. आलेक्सी सॅनिन यांचे एक्सएमएलसेक हे मुक्त साधन हे काम कमांड लाइनवरून करते. त्याला हॅशची आणि सहीची जागा रिकामी ठेवलेला नमुना द्यायचा, सोबत खासगी किल्ली द्यायची. ते प्रमाणरूप काढते, हॅश मोजते आणि जागा भरते. सही दस्ताच्या एखाद्याच भागावरही करता येते, आणि धोका नेमका तिथे आहे. सही केलेला भाग बाजूला सरकवून त्याच्या जागी बनावट भाग ठेवला तरी सही खरीच ठरू शकते. सही नेमक्या कोणत्या भागावर आहे हे तपासावेच लागते. सनदेच्या सांध्यावर शिक्का मारणाऱ्यांपुढचा प्रश्नही हाच होता.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. त्याच्या पडताळणीत सही आणि कूटबद्धता दोन्ही एकत्र येतात. बोटाचा ठसा तेवढ्यापुरत्या तयार केलेल्या एईएस किल्लीने बंद होतो, ती किल्ली आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते आणि एक्सएमएल विनंतीवर सही होते.

महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. आता कन्हेरीतल्या खातेदाराला १५ रुपये भरून तो घरबसल्या काढता येतो. वेगळा सही-शिक्का लागत नाही आणि उताऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकाने बँकेला खातरजमा करता येते. मात्र ही सही नोंदवहीत जे आहे त्याचीच ग्वाही देते. मूळ नोंद चुकली असेल तर चुकीचा उताराही तितकाच अस्सल निघतो. म्हणून फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन ही रीत डिजिटल सातबाऱ्यानंतरही कायम आहे. लेखनप्रमाद राहिलाच तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.