मेघंकराच्या गावातील विद्यार्थी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठचे पुरातन गाव. मेघंकर नावाच्या दैत्यावरून या गावाला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. मेघंकर म्हणजे मेघ निर्माण करणारा. ज्या गावाच्या नावातच मेघ आहे, त्या गावाच्या महाविद्यालयीन मुलांचे सारे वर्ष आज मेघांवरच अवलंबून असावे, हा योगायोग आम्हांला विचार करायला लावतो.

हवामानबदलाविरुद्ध विद्यार्थ्यांनी चालविलेल्या चळवळीची वर्णने आपण वृत्तपत्रांतून वाचतो. स्वीडनमधील ग्रेटा थनबर्ग ही शाळकरी मुलगी २०१८ च्या ऑगस्टमध्ये संसदेसमोर बसली आणि पुढे दर शुक्रवारी जगभरची मुले वर्ग सोडून रस्त्यावर येऊ लागली. शुक्रवार हा आपल्या उपवासाचा व प्रायश्चित्ताचा वार. मुलांनी नकळत तोच निवडला! पण हे वाचून आपल्याकडील पालक म्हणतात, "हे श्रीमंत देशांतील मुलांचे खेळ. आमच्या मुलांनी आधी परीक्षा द्यावी." या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली गोष्ट ही, की विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून सृष्टीकडे पाहावे, ही शिकवण आपल्याकडे परकी नाही. तिचा एक उगम आपल्याच धर्मसभेच्या अंगणात आहे. १८६९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस येशूसंघीय वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांच्यामागून आलेल्या स्पॅनिश फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर पायी पालथे घातले, तेथील वनस्पतींची सूची १९५३ साली प्रसिद्ध केली आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आजही आहे. या धर्मगुरूंनी घोषणा दिल्या नाहीत. झाडाला त्याच्या नावाने ओळखायला त्यांनी शिकविले. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या मरणाचे दुःखही आपल्याला होत नाही.

पाहण्याकडून प्रतिकाराकडे जाणारी पायरी पुढच्या पिढीने ओलांडली. १९७९ साली दिल्लीतील शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी तेथील रिज नावाच्या टेकडीवरील जंगल वाचविण्यासाठी आवाज उठविला व त्यातून 'कल्पवृक्ष' ही संस्था जन्मली. आज तिचे काम पुण्यातून चालते. याच मुलांनी १९८३ मध्ये हिंदू महाविद्यालयाच्या निसर्गमंडळासह नर्मदेच्या काठाने सुमारे पन्नास दिवस प्रवास केला आणि धरणांमुळे काय बुडणार आहे, ते लिहून ठेवले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर त्या खोऱ्यात पोहोचल्या त्या यानंतर.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण मुंबईच्या आरे येथील. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथे रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. विरोध करणाऱ्या एकोणतीस जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि ७ ऑक्टोबरला सुटीच्या काळात खास बसून तोड थांबविली. तोवर बहुतेक झाडे पडली होती, हेही खरे. एका पत्राचे बळ आणि त्याला झालेला उशीर, दोन्ही या घटनेत आहेत.

न्यायालयाचा विद्यार्थ्यांशी याहून जुना संबंध आहे. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना, पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करावा असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरविला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिले. कलाशाखेचा विद्यार्थीही आता ओझोनचा थर शिकू लागला. परंतु जे आंदोलन होते, ते प्रश्नपत्रिकेत जाऊन बसले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला जागा होती. पण गुण मिळाले की विषय संपला, असे पुष्कळ ठिकाणी झाले.

या बाबतीत आम्हांला दुसऱ्याकडे बोट दाखविता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश सृष्टीच्या रक्षणाला वाहिला होता. सेमिनरीत आम्ही तो वाचला, त्यावर टिपणे काढली, परीक्षेत उत्तर लिहिले आणि वही मिटून ठेवली. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ साली आले, तेव्हा ती वही आम्हांला आठवली. मधली पंचवीस वर्षे कोठे गेली, याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते.

आता मेहकरकडे वळू. येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर लोणारचे विवर आहे: उल्कापाताने बेसाल्ट खडकात कोरलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद, तळाशी खारे पाणी. या परिसरात साबण व काच बनविण्याजोगे क्षार मिळतात, अशी नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. क्षारता वाढल्याने मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संस्थेने काढला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर पाणथळांच्या यादीत आले. पाऊस, ऊन आणि क्षार यांचा तोल ढळला की काय होते, हे शिकविणारी अशी प्रयोगशाळा मेहकरच्या मुलांना एस.टी.च्या तिकिटात उपलब्ध आहे.

आणि एक पुस्तक त्यांच्या घरातच उघडे आहे. खरिपाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली आणि दुष्काळ जाहीर झाला, की त्या गावांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होते. महाविद्यालयाच्या फलकावर लागणारी ती यादी म्हणजे आमच्या भागातील हवामानाचा खरा अहवाल होय! शहरातील विद्यार्थी हवामानासाठी वर्ग सोडतो. येथे हवामानामुळेच वर्ग सुटतो. सोयाबीन गेले की खोलीचे भाडे थकते, धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते. म्हणून हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ आहे, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. ज्याला सर्वांत जास्त सोसावे लागते, तोच या विषयाचा पहिला अधिकारी.

मग त्याने करावे काय? वऱ्हाडाने याचे उत्तर आधीच दिले आहे. अमरावती विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगेबाबांनी कीर्तनाआधी हाती खराटा घेतला. आपल्यातील उदाहरण हवे असेल, तर स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे घ्यावे. नगर जिल्ह्यात त्यांनी पाणलोटाचे काम उभारले, १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यासाठी संस्था काढली, आणि श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मानील त्याच गावात काम, असा नियम ठेवला. २०२१ साली ते निवर्तले. अडविलेले पाणी गावांपाशी राहिले.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. पावसाळा सरता सरता नाल्याला धार असताना, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या वाळूने भरून, तोंडे शिवून, आडव्या रचल्या की वनराई बंधारा होतो. त्याला पाहिजेत पन्नास हात आणि दोन दिवस. आपला मुलगा अशा शिबिराला जायचे म्हणेल, तेव्हा 'अभ्यास बुडेल' म्हणून त्याला अडवू नये, अशी कुटुंबांना आमची नम्र विनंती आहे. त्याने पत्र लिहिले, प्रश्न विचारला, तरी घाबरू नये. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले, ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती राखण वहीत लिहून होत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. मुलांना तेवढा उशीर न होवो.