धोरण आणि लोकांच्या अपेक्षा : रॉबर्ट लुकास यांचे योगदान

थोडी जास्त भाववाढ पत्करली की बेरोजगारी कमी ठेवता येते, असा 1960 च्या दशकातील धोरणकर्त्यांचा समज होता. भाववाढ आणि बेरोजगारी यांचे व्यस्त नाते दाखवणारा फिलिप्स वक्र हा त्याचा आधार. फ्रीडमन आणि फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी या समजाला आव्हान दिले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास (1937–2023) यांनी त्या आक्षेपाला काटेकोर सिद्धान्ताचे रूप दिले.

जॉन म्यूथ यांनी 1961 मध्ये मांडलेली विवेकी अपेक्षांची, म्हणजे लोक उपलब्ध सगळी माहिती वापरून भविष्याचा अंदाज बांधतात ही, कल्पना लुकास यांनी 1972 च्या लेखात स्थूल अर्थशास्त्रात आणली. उत्पादकाला आपल्या मालाचा भाव चढलेला दिसतो. मागणी आपल्याच मालाची वाढली, की सगळेच महागले, हे त्याला लगेच उमगत नाही. मागणी वाढली असेल या अंदाजाने तो उत्पादन वाढवतो. म्हणून पैशाचा पुरवठा अचानक वाढला की रोजगार वाढतो. तोच उपाय वारंवार झाला, की उत्पादक तो हिशेबात धरतो. मग वाढतात ते फक्त भाव. 1973 मध्ये लुकास यांनी 18 देशांची आकडेवारी तपासली. अर्जेंटिना आणि पॅराग्वे येथे मागणीत सतत मोठे चढउतार होत. तिथे त्यांचा उत्पादनावरचा परिणाम नगण्य आढळला.

यातूनच 1976 ची प्रसिद्ध ‘लुकास मीमांसा’ निघाली. जुन्या आकड्यांवरून बांधलेली समीकरणे जुन्या धोरणाखालचे वर्तन टिपतात. धोरण बदलले की लोकांचे वर्तन बदलते आणि समीकरणे निकामी होतात.

पुढे ते आर्थिक वाढीकडे वळले. 1988 च्या लेखात त्यांनी 1960 ते 1980 या काळातील देशांच्या वाढीचे वेग ताडून पाहिले : त्या वेगाने दरडोई उत्पन्न दुप्पट व्हायला भारताला सुमारे 50 वर्षे लागतील, दक्षिण कोरियाला 10. या तफावतीच्या उलगड्यात त्यांनी मानवी भांडवलाला, म्हणजे शिक्षण आणि कौशल्याला, मध्यवर्ती स्थान दिले.

त्यांच्या मांडणीला मर्यादाही आहेत. मंदी टाळण्याचा मूळ प्रश्न सुटला आहे, असे त्यांनी 2003 मध्ये म्हटले; 2008 च्या आर्थिक अरिष्टाने ते खोटे ठरवले. प्रत्यक्षातील माणसे इतकी अचूक गणिते मांडतही नाहीत.

तरीही 1995 च्या नोबेल पुरस्काराने गौरवलेल्या त्यांच्या मांडणीचा गाभा टिकून आहे. रिझर्व्ह बँक भाववाढीबाबत कुटुंबांच्या अपेक्षा नियमित सर्वेक्षणातून जाणून घेते, ती याच जाणिवेतून. लोक धोरण पाहून आपले वागणे बदलतात, हे न मानणारे कोणतेही धोरण अपुरेच.