टक्केवारीची सोवळी

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची वेळ आली की हल्ली एकच प्रश्न कानावर येतो: "रिपोर्ट किती आला?" पूर्वी हा आकडा फक्त वाङ्मयचौर्याचा असे. आता त्याच्या शेजारी 'एआय किती टक्के' हा दुसरा येऊन बसला आहे. दोन्ही दहाच्या आत असले की विद्यार्थी सुटला, मार्गदर्शकही सुटले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर जबाबदारीने झाला, असे सगळ्यांनीच धरून चालायचे.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. शेकडो पानांचे प्रबंध ओळ न् ओळ ताडून बघायला वेळ कोणाला आहे? शिवाय यंत्र ओळखदेख पाहत नाही आणि आकडा समोर ठेवला की हुज्जत मिटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनीच ही सवय लावली: १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सुधारून द्या, ६० च्या वर गेलात तर नोंदणी रद्द. नकलेला आळा घालायला हे ठीकच होते.

पण चॅटजीपीटीसारख्या साधनाची खोड वेगळी आहे. ते रचते. त्याच्याकडे संदर्भ मागितले की कधीकधी असा एखादा हाती येतो: लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, खंड आणि अंक पटण्याजोगे, पृष्ठे अमुक ते तमुक, वर डीओआय क्रमांकही. तो क्रमांक उघडावा तर भलताच लेख निघतो, नाहीतर काहीच निघत नाही. असा लेख कोणी कधी लिहिलेलाच नसतो. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर इथे काय करणार? जे कुठेच नाही ते कशाशी जुळवणार? त्यावर कडी म्हणजे, त्याच २०१८ च्या नियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची वगळायची असते. खोटे जिथे दडायची सर्वांत जास्त शक्यता, ती पानेच तपासणीबाहेर!

'एआय टक्का' तर याहून कच्चा. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२३ च्या जानेवारीत असे ओळखयंत्र आणले. त्यांच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राच्या खाती टाकला. जुलैत ते गुपचूप मागे घेतले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रांपुढे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध ठेवले. निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, माणसांनीच लिहिलेले. तरी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरले. कारण सरळ आहे: मोजके शब्द आणि साधी रचना दिसली की या यंत्रांना संशय येतो. मराठी माध्यमातून शिकून जपून, बेताचे इंग्रजी लिहिणारा आपला विद्यार्थी इथे नाहक अडकू शकतो. ज्याने खरोखर यंत्राकडून लिहून घेतले, तो मात्र मजकूर 'माणसाळवून' देणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे जातो आणि सहीसलामत सुटतो.

मग वापर जाहीर केला की झाले, असे काहीजण म्हणतात. त्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीतले उंदराचे चित्र आठवावे. पेशीजीवशास्त्राच्या एका फ्रंटियर्स नियतकालिकात ते छापून आले. जननेंद्रिय उंदराच्या अंगाहून मोठे आणि नावांच्या जागी अर्थहीन अक्षरे. आकृत्या मिडजर्नी या चित्रे काढणाऱ्या एआय साधनाने काढल्या आहेत, हे लेखकांनी रीतसर सांगितले होते. तरी लेख परीक्षणातून पार झाला आणि वाचकांनी टर उडवल्यावर काही दिवसांत मागे घ्यावा लागला.

म्हणून बंदी घाला, असे मी म्हणत नाही. इंग्रजी नीट करायला, संख्याशास्त्राचा कोड लिहायला, अपरिचित विषयाची तोंडओळख करून घ्यायला ही साधने खुशाल वापरावीत. प्रश्न टक्क्याचा नाहीच. प्रबंधातल्या विधानापासून त्याच्या आधारापर्यंत दुसऱ्या कोणाला चालत जाता येते का, हा आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे ते पानोपानी तळाशी नोंदवले. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्यालाही ते पाठभेद पाहून स्वतःचे मत बनवता येते. यंत्राची मदत घेणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे: कोणते साधन, कोणत्या कामाला, कधी वापरले याची वही ठेवावी आणि दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचलेला असावा.

मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती आहे. रिपोर्टवर सही करण्याआधी संदर्भसूचीतल्या कोणत्याही पाच नोंदींवर बोट ठेवा. मूळ लेख किंवा पुस्तक समोर आणायला सांगा, आणि प्रबंधातले विधान त्यात कोणत्या पानावर आहे ते विद्यार्थ्यालाच काढून दाखवू द्या. याला कोणत्याही सॉफ्टवेअरचे शुल्क पडत नाही.