सक्रिय दीर्घिका : क्ष-किरण निरीक्षणे

ताऱ्यांच्या प्रकाशाने उलगडा होत नाही असे प्रखर प्रारण जिच्या केंद्रातून बाहेर पडते, ती सक्रिय दीर्घिका. केंद्रातील अतिप्रचंड कृष्णविवरात वायू पडत असतो, हे या प्रारणाचे मूळ. सेफर्ट दीर्घिका, क्वेसार आणि ब्लेझार हे तिचे प्रमुख प्रकार. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जात असल्याने ही निरीक्षणे अवकाशातूनच करावी लागतात.

उगम : कृष्णविवराभोवती वायूची फिरती तबकडी तयार होते. तिच्यातून दृश्य व अतिनील प्रकाश निघतो. तबकडीच्या आतल्या भागाजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. त्याला किरीट म्हणतात. अतिनील प्रकाशकण या इलेक्ट्रॉनांवर आदळून ऊर्जा मिळवतात व क्ष-किरण बनतात. त्यांतील काही परत तबकडीवर पडतात आणि वर्णपटात लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळची रेषा उमटवतात. रेषेच्या पसरटपणावरून वायूची गती आणि गुरुत्वाचा परिणाम कळतो. काही दीर्घिकांचे क्ष-किरण तासाभरातच लक्षणीय कमीजास्त होतात. प्रकाश तासात सुमारे १०८ कोटी किमी. जातो, तेव्हा उगमस्थान साधारणपणे याहून मोठे असू शकत नाही.

उपग्रह : पहिला क्ष-किरण उपग्रह ‘उहुरू’ १९७० मध्ये सोडला गेला. १९९९ मध्ये ‘चंद्रा’ व ‘एक्सएमएम-न्यूटन’ या वेधशाळा अवकाशात गेल्या. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ बारीक तपशील टिपते. ‘एक्सएमएम-न्यूटन’ अधिक किरण गोळा करते. क्ष-किरण आरशावर सरळ पडल्यास परावर्तित होत नाहीत, म्हणून या दुर्बिणींत एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखे आरसे असतात व किरण त्यांना चाटून जातात.

ॲस्ट्रोसॅट : हा भारतीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सुमारे ६५० किमी. उंचीच्या कक्षेत गेला. त्याची काही क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली. पुण्याचे आंतरविद्यापीठीय केंद्र ‘आयुका’ही प्रकल्पात सहभागी आहे. अतिनील व क्ष-किरण एकाच वेळी पाहता येणे हे ॲस्ट्रोसॅटचे बलस्थान. आयसी ४३२९ए या सेफर्ट दीर्घिकेच्या पाच महिन्यांतील पाच निरीक्षणांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिनील प्रकाश वाढला तसा किरीट थंडावला. तापमान सुमारे ४९ कोटींवरून ३७ कोटी केल्विनपर्यंत उतरले. तबकडीचा प्रकाश किरीटाची ऊर्जा काढून नेतो, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला.

महाराष्ट्रातील अभ्यास : आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर व अजित केंभावी यांचा क्वेसार व सक्रिय केंद्रकांवरील इंग्रजी पाठ्यग्रंथ १९९९ मध्ये निघाला. मराठवाड्यात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी ‘चंद्रा’च्या निरीक्षणांतून दीर्घिकासमूहांतील पोकळ्यांचा शोध घेतला. सक्रिय केंद्रातून निघालेले झोत भोवतालचा कोट्यवधी अंश तापलेला वायू बाजूला सारतात. क्ष-किरण चित्रात तिथे काळसर डाग दिसतात. डागाचे आकारमान आणि वायूचा दाब यांवरून झोताने किती ऊर्जा ओतली याचा हिशेब मांडता येतो. ही ऊर्जा वायूला निवू देत नाही, त्यामुळे नव्या ताऱ्यांची निर्मिती मंदावते. एबेल २३९० (२०१५) व कालेय तारकासमूहातील एनजीसी ६३३८ (२०१२) यांवरील शोधनिबंध याच धाटणीचे. १एच ०७०७-४९५ या सेफर्ट दीर्घिकेच्या अतिनील व क्ष-किरण चढउतारांवर नांदेड व पुणे येथील संशोधकांनी मिळून केलेले काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

विदा : ‘चंद्रा’ची निरीक्षणे सामान्यतः काही काळ ती मागणाऱ्या संशोधकाकडे राखीव राहतात, नंतर सर्वांना खुली होतात. विश्लेषणाची आज्ञावलीही मोफत मिळते. स्वतःचा उपग्रह वा दुर्बीण नसलेल्या विद्यापीठातही या विषयाचे संशोधन उभे राहिले, ते या खुल्या संग्रहांमुळे.